खोडदची जुनी निरीक्षणं कोण उघडणार?

खोडदच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपमध्ये, म्हणजे जीएमआरटीत, सी०६ या अँटेनानंतर सी०७ नाही, थेट सी०८ लागतो. पूर्वेची भुजा ई०२ पासून सुरू होते, ई०१ नावाचा अँटेनाच नाही. दक्षिणेला एस०४ च्या पुढे एस०६ येतो. मधल्या किलोमीटरभराच्या भागात १४, पश्चिमेला ६, पूर्वेला ५ आणि दक्षिणेला ५ अशा मिळून ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि सगळा पसारा २५ किलोमीटरच्या आसपास.

यादी पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, कुणाची तरी मोजणी चुकली असावी. समजा एखाद्याने हा क्रम सलग करायचं मनावर घेतलं, सी०८ ला सी०७ म्हटलं आणि पुढच्या सगळ्यांना एकेक घर मागे सरकवलं. तबकड्या जागच्या हलणार नाहीत, केबल तीच राहील. पण २००२ पासूनच्या फायलींमध्ये जिथे जिथे ‘सी०८’ लिहिलं आहे, तिथे आता भलतीच तबकडी समजली जाईल. दोन तबकड्यांमधलं अंतर किती आणि दिशा कोणती, यावर रेडिओ दुर्बिणीचं सगळं गणित उभं असतं. चित्र बिघडेल, आणि ते का बिघडलं हे शोधण्यात एखाद्या विद्यार्थ्याचं सेमिस्टर जाईल.

एकदा दिलेलं नाव आणि एकदा दिलेला क्रमांक पाळायचा असतो, हे तबकड्यांच्या बाबतीत कुणालाही पटतं. तबकड्यांमागच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेच पटवून देणं फार अवघड जातं. हा लेख त्या सॉफ्टवेअरच्या क्रमांकांविषयी आहे. त्या क्रमांकांचा खोडदच्या परिसरातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांशी थेट संबंध आहे असं मला वाटतं.

दुर्बिणीची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. गोविंद स्वरूप यांची कल्पना, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची म्हणजे एनसीआरएची उभारणी, तारेच्या जाळीची आणि दोरांच्या ताणावर बेतलेली हलकी, स्वस्त तबकडी. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ती जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली आणि २००२ पासून निरीक्षणांची रीतसर फेरी सुरू झाली. पुढे २०२० मध्ये तिला आयईईई माइलस्टोनचा मान मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वरूप गेले.

मधल्या काळात तबकड्या त्याच राहिल्या, पण त्यांच्या मागची यंत्रणा पुरती बदलली. ३० तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहणारं जे यंत्र मध्यवर्ती इमारतीत असतं, त्याच्या तीन पिढ्या झाल्या. पहिली पिढी खास बनवलेल्या सर्किटांची, १६-१६ मेगाहर्ट्झच्या दोन पट्ट्यांची. दुसरी २०१० च्या सुमाराची, साध्या संगणकांच्या जाळ्यावर चालणारी, जीएसबी या नावाची. तिसरी उन्नत दुर्बिणीची, जीडब्ल्यूबी. ती ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा एका वेळी पेलते, तिच्यात रोच जातीचे बोर्ड आहेत आणि ग्राफिक्स कार्डं आहेत. या तिन्ही पिढ्यांनी लिहिलेल्या फायली आज संग्रहात आहेत. पहिल्या पिढीत पट्ट्याचे १२८ भाग पडायचे, आता १६,३८४ पर्यंत पडू शकतात.

फायलींचा मूळ साचा एलटीए नावाचा, जीएमआरटीचा स्वतःचा. जगातलं दुसरं कोणतंही सॉफ्टवेअर तो थेट वाचत नाही. म्हणून लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स हे दोन छोटे प्रोग्राम चालवून एलटीए फायलीची फिट्स या खगोलशास्त्रातल्या सर्वमान्य साच्यातली फाईल करून घ्यावी लागते. ही फाईल मग अमेरिकेच्या एनआरएओ संस्थेच्या एआयपीएसमध्ये किंवा कासामध्ये जाते. तिथे खराब भाग गाळले जातात, मोजपट्टी लावली जाते आणि शेवटी आकाशाचं चित्र तयार होतं. एलटीएपासून चित्रापर्यंतच्या या वाटेवर डझनावारी लायब्ररी कामाला येतात. फिट्स वाचणारी लायब्ररी, फोरिए गणित करणारी, आलेख काढणारी, फोरट्रानच्या प्रोग्रामला लागणारी आणि या सगळ्यांच्या तळाशी लिनक्सची स्वतःची. यातली कुठलीही एक खोडदला लिहिलेली नाही. कुणी मेरीलँडला लिहिली, कुणी आणखी कुठे, कुणी निवृत्त झालं, कुणी दुसऱ्या कामाला लागलं.

सामायिक लायब्ररी म्हणजे काय ते नारायणगावच्या बाजारात ठिबकचं सामान घेणाऱ्या शेतकऱ्याला समजावणं सोपं आहे. तो लॅटरल एका कंपनीची घेतो, जॉइनर दुसऱ्याचा, ग्रोमेट तिसऱ्याचा, आणि तरीही पाणी टोकापर्यंत जातं. कारण सगळ्यांनी १६ मिलिमीटरचं माप मानलेलं असतं. कंपनीने नळीचा रंग बदलला, प्लास्टिक सुधारलं, तर त्याचं काही अडत नाही. पण पाकिटावर १६ छापून आत भलत्याच मापाचा जॉइनर भरला, तर ऐन उन्हाळ्यात टोमॅटोचा प्लॉट वाळतो. लायब्ररीचं ‘माप’ म्हणजे तिला हाक मारण्याची पद्धत: कोणतं फंक्शन, त्याला काय काय द्यायचं, ते परत काय देणार. आणि पाकिटावरचा आकडा म्हणजे आवृत्ती.

आज बहुतेक जण जी पद्धत वापरतात ती तीन आकड्यांची. तिला सिमँटिक व्हर्शनिंग म्हणतात. गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तिचे नियम लिहून काढले, दुसरी आवृत्ती २०१३ ची. समजा आकडा २.७.१ आहे. शेवटचा १ वाढला तर फक्त चूक दुरुस्त झाली. मधला ७ वाढला तर काही नवीन मिळालं, पण जुनं आहे तसं चालेल. पहिला २ वाढला तर सावध व्हा, जुना प्रोग्राम कदाचित मोडेल. पहिला आकडा ० असेल तर कशाचीच हमी नाही.

लिनक्सवर याच्याही खाली आणखी एक आकडा असतो, लायब्ररीच्या फाईलच्या नावातच चिकटलेला. फोरट्रानची लायब्ररी घ्या. जीसीसी कंपायलरच्या २०१७ च्या सातव्या आवृत्तीत तिच्या नावातला ३ चा ४ झाला आणि लगेच पुढच्या वर्षी आठव्या आवृत्तीत ४ चा ५. ‘३’ मागणारा जुना प्रोग्राम नव्या लिनक्सवर ठेवला की पहिल्याच ओळीत तक्रार येते: ही लायब्ररी सापडत नाही. जुन्या रेडिओ खगोलशास्त्राचं फोरट्रानवर किती प्रेम, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ही तक्रार पाहिलेली आहे. अशा वेळी प्रयोगशाळेत पहिला प्रश्न एकच विचारला जातो: व्हर्जन कोणतं?

ही तक्रार त्रासदायक आहे, पण मला ती प्रामाणिक वाटते. प्रोग्राम सुरूच झाला नाही म्हणजे चुकीचं उत्तरही दिलं नाही. आकडा बदलला, दार बंद झालं, आणि माणसाला कळलं की काहीतरी वेगळं आहे. फिट्स फायली वाचण्यासाठी जगभर वापरली जाणारी सीफिट्सआयओ लायब्ररी, नासाच्या गोडार्ड केंद्रात विल्यम पेन्स यांनी घडवलेली, याच कारणासाठी फाईल उघडताना स्वतःचा आकडा तपासते. प्रोग्राम बांधताना एक आकडा आणि चालवताना दुसरा दिसला तर ती सरळ थांबते आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत असं छापते. पुष्कळांना ही तपासणी जाचक वाटते. मी तिच्या बाजूचा आहे.

कारण खरी भीती गुपचूप होणाऱ्या बदलाची आहे. पायथन २ मध्ये १ भागिले २ केलं की उत्तर ० यायचं, अपूर्णांक टाकून दिला जायचा. २००८ च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३ मध्ये तेच उत्तर ०.५ येतं. ओळ तीच, अक्षर न् अक्षर तेच, दोन्हीकडे विनातक्रार चालते. पट्ट्याचा मध्य काढण्यासाठी कुणी विषम संख्येला दोनने भागलं असेल, तर एकीकडे पूर्णांक मिळतो, दुसरीकडे अर्धा. चित्र निघतं. ते चित्र शोधनिबंधात छापलंही जातं.

तेजस्विता मोजण्याच्या पट्टीचंही तसंच आहे. आकाशातले काही ठळक स्रोत प्रमाण मानून बाकीच्यांची तेजस्विता ठरवली जाते. या प्रमाणांच्याही आवृत्त्या असतात आणि त्यांची नावं त्या बांधणाऱ्यांवरून आणि वर्षावरून पडतात: कमी फ्रिक्वेन्सीसाठी स्केफ-हील्ड २०१२, सर्वसाधारण कामासाठी पर्ली-बटलर २०१७. कोणती पट्टी घ्यायची ते सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःची नेहमीची पट्टी लावतं. ती नेहमीची पट्टी एका आवृत्तीत एक आणि पुढच्या आवृत्तीत दुसरी असू शकते.

खोडदच्या बाबतीत ही गोष्ट प्रत्यक्ष घडलेली आहे, आणि ती जगाने पाहिलेली आहे. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला दिसणारं जवळजवळ सगळं आकाश टिपलं. या सर्वेक्षणाचं नाव टीजीएसएस. पुढे ह्यूब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी हा सगळा कच्चा डेटा संग्रहातून काढून नव्याने प्रक्रिया केला आणि २०१७ मध्ये ३६,९०० चौरस अंश आकाशाची चित्रं आणि ६ लाखांहून अधिक स्रोतांची यादी जगाला खुली केली. तिचं नाव एडीआर१, म्हणजे पर्यायी प्रकाशन क्रमांक १. नावातच ‘पर्यायी’ आणि ‘१’ घातलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. हा शेवटचा शब्द नाही, याच्या आधी दुसरं काही होतं आणि पुढेही येऊ शकतं, हे त्यात आलं. आणि पुढे आलंच. त्याच वर्षी नताशा हर्ली-वॉकर यांनी दुसऱ्या दुर्बिणीच्या मोजमापांशी ताडून पाहिलं तेव्हा आकाशाच्या काही भागांत तेजस्विता थोडी वरखाली सरकलेली दिसली. त्यांनी त्या यादीचा दुरुस्त उपसंच वेगळ्या नावाने प्रसिद्ध केला. आज टीजीएसएस वापरणाऱ्याने मूळ एडीआर१ घेतली की दुरुस्त उपसंच, हे लिहिणं भाग आहे. मूळ यादीवरच गुपचूप दुरुस्ती केली असती, तर २०१७ आणि २०२१ च्या दोन निबंधांतले आकडे का जुळत नाहीत, हे कुणालाच कळलं नसतं.

इंटेमा यांच्या प्रक्रियेचं सॉफ्टवेअर म्हणजे स्पॅम. आयनमंडलामुळे कमी फ्रिक्वेन्सीची चित्रं डुचमळतात, ती सावरण्यात त्याचा हात धरणारं फार थोडं आहे. पण त्याची घडण बघा. वर पायथन २. पायथनला एआयपीएसशी बोलता यावं म्हणून नेदरलँड्समध्ये बनलेलं पार्सलटंग. त्याच्या खाली ओबिट नावाचं स्वतंत्र पॅकेज. तळाशी एआयपीएसची एक ठरावीक जुनी आवृत्ती. चार मजले, चौघे वेगळे बांधणारे. १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा अधिकृत सांभाळ संपला आणि सगळ्यात वरचा मजला अधांतरी राहिला. स्पॅम बंद पडलं नाही, लोक अजूनही ते वापरतात. पण त्यासाठी जुनी व्यवस्था तशीच्या तशी जपून ठेवावी लागते, आणि ती जपण्याचं ज्ञान फार थोड्या हातांत आहे.

दुसरी वाट एनसीआरएतच तयार झाली. ऋता काळे आणि ईश्वर चंद्र यांनी उन्नत जीएमआरटीसाठी कॅप्चर ही प्रक्रियामालिका लिहिली, तिचा निबंध २०२१ चा. ती कासावर उभी आहे. पण कासाच्या पाचव्या पिढीत पायथन २ होतं आणि सहाव्या पिढीत पायथन ३ आलं, म्हणून कॅप्चरलाही कासा ६ साठी वेगळं रूप घ्यावं लागलं. दोन्ही रूपं वेगळी ठेवली, नावं वेगळी ठेवली, कुठलं कशाबरोबर चालतं ते सांगितलं. हे काम कुठल्या पुरस्काराच्या यादीत येत नाही. पण ज्या मुलाने कालच संगणकावर कासा टाकलं, त्याच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

एआयपीएसच्या आवृत्तीक्रमांकाची पद्धत या सगळ्यांहून निराळी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या पॅकेजच्या आवृत्त्यांची नावं म्हणजे तारखा: ३१डिसें१३, ३१डिसें२४. जानेवारीत एखादी आवृत्ती सुरू होते तिच्यावर त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवसाची तारीख असते. वर्षभर ती घडत राहते. जिला हवं ती संस्था मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या कामातून रोजचे बदल उतरवून घेते. म्हणजे मार्चमधली ३१डिसें आणि सप्टेंबरमधली ३१डिसें एकसारखी असेलच असं नाही. वर्ष संपल्यावर ती गोठते आणि मगच तिचं नाव भरवशाचं होतं. पद्धत जुनी आहे, तिला सिमँटिक व्हर्शनिंगवाले नाकं मुरडतील. पण गोठलेली आवृत्ती वर्षानुवर्षं उतरवून घेता येते, हे मोलाचं आहे, आणि स्पॅम त्याच्याच जोरावर टिकलं आहे.

आता त्या एका गोष्टीकडे वळतो जिच्यामुळे हे सगळं शक्य झालं. एआयपीएसच्या मुख्य लेखकांपैकी एरिक ग्रायसेन यांनी डॉन वेल्स आणि रोनाल्ड हार्टन यांच्याबरोबर १९८१ मध्ये फिट्सचा साचा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तो स्वीकारला. त्या काळात खगोलशास्त्रज्ञ चुंबकीय फितीवर डेटा नेत, आणि दोन वेधशाळांचे संगणक एकमेकांची फीत वाचू शकत नसत. वाटेल तेवढे संगणक बदलले तरी चालेल असा साचा फिट्सने ठरवला. सुरुवातीला साध्या अक्षरांतला मजकूर, प्रत्येक ओळ ८० अक्षरांची. पहिली ओळ नेहमी तीच. सगळं २,८८० बाइटांच्या गठ्ठ्यांत, कारण त्या वेळच्या वेगवेगळ्या यंत्रांच्या शब्दलांबीने तो आकडा नि:शेष भागला जायचा. आज त्या यंत्रांपैकी एकही चालू नसेल, २,८८० मात्र चालू आहे.

आणि त्याबरोबर एक नियम: जी फाईल एकदा वैध फिट्स होती, ती कायम वैध फिट्स राहील. पुढे कितीही भर घाला, पण जुनी फाईल चुकीची ठरेल असं काहीही करायचं नाही. या नियमाची किंमत किती, ते तारखेवरून कळतं. मुळात तारीख लिहायची पद्धत दिवस, महिना आणि वर्षाचे फक्त दोन आकडे अशी होती. २००० साल जवळ आलं तेव्हा १९९७ मध्ये चार आकडी वर्षाची नवी पद्धत ठरली. पण जुनी पद्धत रद्द झाली नाही. आजही फिट्स वाचणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने जुनी दोन आकडी तारीख दिसली तर ती विसाव्या शतकातली समजायची. म्हणजे १९८३ च्या एका फाईलसाठी जगातले सगळे प्रोग्रामर आजही काही ओळी जास्तीच्या लिहितात. प्रमाणकाची चौथी आवृत्ती २०१६ ला मंजूर झाली, तीतही हा नियम तसाच आहे.

याचा तोटा सांगितला पाहिजे. साच्याचं वय वाढलं, पण त्याला पाय फुटले नाहीत. ओळीचं नाव आठ अक्षरांपलीकडे जात नाही, आणि फाईल प्रमाणकाच्या कोणत्या आवृत्तीप्रमाणे लिहिली आहे हे फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. २०१५ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन फिट्सची चिकित्सा केली, तेव्हा आवृत्ती नोंदवण्याची सोयच नाही याकडे त्यांनी बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं रास्त आहे. तरीही या दोन बाजूंतली एक निवडायची वेळ आली तर मी ग्रायसेन यांच्या बाजूने उभा राहीन. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली हस्तलिखितं स्कॅन करून ठेवायला फिट्स निवडलं ते याच नियमामुळे. ज्यांना शतकांचा विचार करायचा आहे, त्यांना सोयीपेक्षा शब्द पाळणारा माणूस हवा असतो.

आवृत्तीच्या आकड्यांवर मात्र इतका भरवसा ठेवता येत नाही. जावाच्या लायब्ररींचा मोठा साठा असलेल्या मेव्हनचा २०१४ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की सुमारे एक तृतीयांश नव्या आवृत्त्या जुनं काहीतरी मोडतात, आणि त्यात पहिला आकडा वाढवलेल्या आणि न वाढवलेल्या असा फारसा फरक नाही. हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे झाले की लायब्ररीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कुणीतरी विसंबलेलं असतं, तुम्ही त्याचं वचन दिलेलं असो वा नसो. म्हणजे चूक दुरुस्त करणं हेही कुणासाठी तरी मोडणं ठरू शकतं. म्हणून आकड्यापेक्षा माझा भर नोंदीवर आहे. काय बदललं, का बदललं, कुणाला त्रास होईल, हे साध्या भाषेत लिहिलेली नोंद प्रत्येक आवृत्तीबरोबर हवी.

पल्सार म्हणजे नियमित ठोके देणारे तारे; त्यांच्या कामात तर प्रोग्रामपलीकडच्या गोष्टींच्याही आवृत्त्या मोजाव्या लागतात. भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे, म्हणजे आयएनपीटीए, जीएमआरटीतून पल्सारचे ठोके मोजतो. जून २०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर त्यांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा जाहीर केला. पल्सारचा ठोका पृथ्वीवर केव्हा पोहोचला यावरून तो सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी केव्हा पोहोचला असता, हे काढावं लागतं. त्यासाठी ग्रहांच्या जागांची सारणी लागते. ती अमेरिकेच्या जेपीएलची, डीई४३६, डीई४३८, डीई४४० अशा आकड्यांनी ओळखली जाते. २०१८ मध्ये अमेरिकी नॅनोग्रॅव्ह गटाला दिसलं की कोणती सारणी वापरली यावर गुरुत्वीय लहरींबद्दलचं त्यांचं उत्तर बदलतं. विश्वाविषयीचं उत्तर एका फाईलच्या आवृत्तीवर हलावं, याहून आवृत्ती लिहिण्याचं मोठं कारण मला माहीत नाही. तेव्हापासून या क्षेत्रात सारणीचा आकडा न लिहिता निबंध छापणं जवळजवळ अशक्य झालं आहे.

एक जुना धागा इथे जोडून देतो. कासाचा पूर्वज एआयपीएस प्लस प्लस. तो १९९० च्या दशकात अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून बांधायला घेतला, आणि त्या संस्थांमध्ये एनसीआरएची मातृसंस्था टीआयएफआर सुरुवातीपासून होती. एनसीआरएत घडलेले संजय भटनागर पुढे एनआरएओत गेले आणि कासाच्या प्रतिमाप्रक्रियेतलं मोठं काम त्यांच्या नावावर आहे. जगाच्या लायब्ररी आपण फक्त वापरत आलो, असं म्हणायला इथे जागा नाही. ज्या लायब्ररीवर आपली माणसं घडली तिच्या आकड्यांची शिस्त लावण्यातही आपला आवाज असू शकतो.

आता जुन्नर-आंबेगाव. या दोन तालुक्यांनी दुर्बिणीसाठी पुष्कळ सोसलं आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. रेडिओच्या शांततेसाठी परिसरात कोणते उद्योग यावेत, कोणती यंत्रं लागावीत यावर बंधनं आहेत. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी दुर्बिणीमुळे बदलावी लागेल असं जाहीर झालं तेव्हा नारायणगाव-मंचर पट्ट्यात नाराजी उठली. ती नाराजी खोटी म्हणता येणार नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, खोडदला शाळा-कॉलेजांची रीघ लागते. मुलं तबकड्या पाहतात, मॉडेलं मांडतात, प्रश्न विचारतात आणि घरी जातात. त्यांच्या तालुक्यात गोळा झालेला डेटा मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या हाती पडतो.

हा डेटा बंद नाही, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. निरीक्षण करणाऱ्याची दीड वर्षाची राखीव मुदत संपली की जीएमआरटीच्या संग्रहातली फाईल कुणालाही मागता येते. दिल्लीतल्या, लायडनमधल्या आणि घोडेगावातल्या विद्यार्थ्याचा हक्क सारखाच. फरक पुढे पडतो. लायडनच्या विद्यार्थ्याच्या शेजारी असा कुणीतरी बसलेला असतो ज्याला जुनं एआयपीएस कसं बसवायचं ते माहीत असतं. घोडेगावच्या मुलाकडे कॉलेजच्या लॅबमधला जुना लिनक्स असतो. त्यावर नवी बायनरी टाकली की संगणक सांगतो, तुझी जीलिबसी, म्हणजे लिनक्सची तळाची लायब्ररी, जुनी आहे. जुनी बायनरी टाकली तर फोरट्रानची लायब्ररी सापडत नाही. दोन्हीकडून वाट बंद. आकाशाविषयी प्रश्न विचारण्याची त्याची वेळच येत नाही.

आनंद होता यांनी १५ एप्रिल २०१३ रोजी सुरू केलेल्या रॅड अ‍ॅट होम या नागरिकविज्ञान उपक्रमाने यातून एक सोपा मार्ग काढला: तयार टीजीएसएस चित्रं घ्या, ब्राउझरमध्ये इतर चित्रांवर ठेवा, विचित्र आकाशगंगा शोधा. त्यातून खऱ्याखुऱ्या शोधांचे निबंध निघाले. हा मार्ग चालला, कारण तयार चित्रांना स्थिर नाव होतं आणि ती फिट्समध्ये होती. कच्च्या डेटापर्यंत मुलांना न्यायचं असेल, तर तेवढीच स्थिरता सॉफ्टवेअरला द्यावी लागेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी केर्न नावाचा संच काढून एक नमुना घालून दिला आहे: रेडिओ खगोलशास्त्राची पॅकेजं एकत्र तपासून, एकमेकांशी जुळवून, एका क्रमांकाखाली उबुंटूसाठी गोठवलेली. खोडदसाठी असाच संच हवा. २०१० आधीच्या फायलींसाठी एक, जीएसबीच्या काळासाठी एक, उन्नत दुर्बिणीसाठी एक. प्रत्येकात लिस्टस्कॅन, जीव्हीफिट्स, एक चालतं एआयपीएस किंवा कासा, त्याखालच्या सगळ्या लायब्ररी आणि उत्तर ठाऊक असलेली एक लहान नमुना फाईल. ती नमुना फाईल चालवून ठरलेलं चित्र निघालं तरच संच बरोबर बसला असं मानायचं. असा संच पेन ड्राइव्हवर मावतो, आणि इंटरनेट मंद असलेल्या कॉलेजातही पोहोचतो.

हे काम करायला एका माणसाची कायमची जागा लागते, आणि ती जागा कुठल्याही प्रकल्पात सहज मंजूर होत नाही, कारण त्या माणसाच्या नावावर नवा शोध लागणार नाही. भारत आता स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात सामील झाला आहे, २०२४ च्या सुरुवातीला सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. त्या दुर्बिणीच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर एनसीआरए आणि पुण्याच्या आयटी कंपन्या मिळून लिहीत आहेत. ते टँगो या युरोपीय नियंत्रण-चौकटीवर उभं आहे, तिच्याही आवृत्त्या आहेत, आणि ही दुर्बीण पन्नास वर्षं चालवायची योजना आहे. त्या खर्चातला अगदी थोडा वाटा संग्रह सांभाळणाऱ्या अशा एका जागेसाठी काढावा, आणि तिची सुरुवात खोडदच्या २००२ च्या एलटीए फायलींपासून करावी. त्या फायली लिहिणारी पहिल्या पिढीची यंत्रणा आता चालू नाही, पण तिला जवळून ओळखणारे अभियंते अजून पुण्यात आणि नारायणगावात आहेत.